जमेल तसं

गोळीबार चौकातून आत, तिसरी बोळ.
तक्रार नंबर चारशे बारा : 'नेट आहे, पण नाही.'
दुपारचे अडीच. पारा शेहेचाळीस.
कूलरचा पाइप उंबऱ्यावरून गेलेला, तो ओलांडून मी आत.

मधली खोली सुभद्राबाई परातेंची. कनेक्शन त्यांच्याच नावावर.
राउटर जुन्या मागाच्या फळीवर.
माग विकला, म्हणाल्या, पण ही फळी नाही देल्ली.
डाव्या भिंतीपलीकडे थोरला चक्रधर
मोबाइलसमोर साड्या उलगडतो, थेट विक्री :
'ताई, काठ पाहा, काठ...'
आणि नेमकं काठावरच चित्र थिजतं.
उजव्या भिंतीपलीकडे धाकट्याची ऋतुजा,
बारावीचं गणित. पडद्यावरच्या मास्तरांचा हात
खडूसकट हवेत अडकलेला.
भावाभावांत सहा वर्षं बोलणं नाही.
कारण विचारलं नाही. माझ्या फॉर्मवर तो रकाना नाही.

फोन काढून मी हवा पाहिली.
दिसते ती, एकावर एक चढलेल्या कमानींसारखी :
एकवीस राउटर, त्यातले चौदा सहाव्याच चॅनलवर.
टॉवरवाल्यांनी आपापल्या पट्ट्या लिलावात घेतल्या, कुंपणं घातली.
हिचा सातबारा कुणाच्याच नावावर नाही.
गायरान. इथेच ब्लूटूथ चरतं,
इथेच शेजारचा मायक्रोवेव्ह शिरा गरम करतो.
कायदा एवढाच :
आधी ऐक. कुणी बोलत असेल तर थांब.
मग मनात एक आकडा धर, उलटा मोज, आणि बोल.
दोघांचे आकडे एकदम संपले तर दोघांचंही वाया;
पुढचा आकडा मोठ्या ढिगातून उचल.

चालतं हे. एकमेकांचं ऐकू येत असेल तर.
इथे भिंती अठरा इंची.
चक्रधरचा फोन कान देतो : शांतता. बोलतो.
ऋतुजाचा लॅपटॉप कान देतो : शांतता. बोलतो.
आणि मधे, फळीवर,
दोन वाक्यं एकमेकांत घुसून नुसता कोंडा.

बाईंना कसं सांगावं, शब्द जुळवत होतो.
त्याच म्हणाल्या, "मले दोघायचंही ऐकू येते, बाप्पा.
त्यायलेच एकमेकाचं येत नाही.
एकदमच बोलतात, मंग मले काहीच समजत नाही."
मी स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला.

उपाय आहे. राउटरच्या पानांत पार तळाशी, एक खूण :
बोलण्याआधी विचारायचं. 'बोलू का? इतका वेळ लागेल.'
मधली खोली म्हणते, 'बोल.'
ते 'बोल' दुसऱ्या भिंतीपलीकडेही पोचतं
आणि तिकडचा थांबतो,
कोण बोलतंय ते ऐकू न येताच.
खूण केली. थोडा वेग गेला, विचारण्यात जातोच.
मास्तरांचा हात हलला. पलीकडे काठ उलगडला.

मग रांग लावली. आवाज आधी, चित्र मग,
बाकीचं जमेल तसं.
'जमेल तसं' हीसुद्धा आमच्याकडची एक सेवाच आहे;
पोचलं तर पोचलं.
बाईंचा फोन तिथे सापडला, सगळ्यात खाली.
कुणी मुद्दाम ठेवला नव्हता.
काही मागितलं नाही की तीच जागा मिळते.
"कोणाशी बोलता, काकू?"
"भंडाऱ्याच्या पोरीशी, दर इतवारी.
अर्धंच येते तिचं. उरलेलं मी लावून घेतो."

मी तो वर आणला, साड्यांच्या वर, गणिताच्याही वर.
फॉर्मवर लिहिलं : केबल बदलली.

सही घेत होतो, तेवढ्यात दोन्ही भिंतींमागून हाक आली,
"आई, झालं का चालू?"
तेच शब्द, तोच क्षण.
बाई पेन धरून थांबल्या, ओठ हलत होते,
काहीतरी उलटं मोजत असल्यासारखे.
मग म्हणाल्या, "हो."
कोणाला, ते कळलं नाही.

पुढची तक्रार मानेवाडा. हेल्मेट तव्यासारखं तापलेलं.